जुन्या पिकअपचे आवाज आणि थरथर, क्लचपासून मागच्या चाकापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं पुढे इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि मागे सलग हाउसिंग (दोन्ही मागची चाकं जोडणारं लोखंडी आवरण) व पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) अशा जुन्या धाटणीच्या पिकअपला धरून दिली आहेत. ऑटोमॅटिक आणि फोर बाय फोर गाड्यांचे प्रश्न खाली वेगळे घेतले आहेत. कुठला नट किती आवळायचा आणि कुठे किती प्ले (सैलपणा) चालतो, हे मात्र तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा.

आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. सुरुवात कशी करू?

जागा शोधायच्या नादाला आधी लागू नका. चासी म्हणजे सलग लोखंड, आवाज तिच्यावरून हवा तिकडे पळतो. मागच्या डिफरन्शियलचा (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीचा) हुंकार सीटखालून आल्यासारखा वाटतो, पुढच्या टायरची घरघर गिअरबॉक्सची वाटते. केबिनमध्ये बसून मुरलेला मेकॅनिकही फसतो. आवाज कधी येतो, ही गोष्ट मात्र सहसा फसवत नाही.

म्हणून पहिली फेरी पाना न उचलता मारायची. मोकळा, सपाट रस्ता घ्या, शेजारी एक माणूस बसवा आणि त्याच्या हाती कागद द्या. आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो, तेव्हा गिअर कोणता, आरपीएम किती, रेस दिलेली होती, सोडलेली होती की नुसती धरून ठेवलेली, गाडी सरळ होती की वळणावर, क्लचवर पाय होता का, हे त्याने टिपायचं. गाडी गार असताना आणि चांगली तापल्यावर काही फरक पडतो का तेही लिहा. हा कागद हातात नसताना पार्ट बदलायला घेतले, की पैसा जातो आणि आवाज तिथेच राहतो.

आवाज इंजिनाकडचा की चाकाकडचा, हे घरच्या घरी ओळखता येतं का?

येतं, आणि सगळ्या तपासाचा पाया तोच आहे. समजा ताशी ६० ला थरथर येते. तोच वेग आधी टॉप गिअरमध्ये धरा, मग एक गिअर खाली घेऊन पुन्हा तोच वेग धरा. आरपीएम वाढले, पण थरथर ६० लाच आणि तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे: शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणारी लांब नळी, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट), डिफरन्शियल, एक्सल, चाकं. खालच्या गिअरमध्ये ती वेगळ्याच वेगाला येऊ लागली, पण आरपीएम तेच असले, तर इंजिन, त्याची माउंटिंग, फ्लायव्हील किंवा क्लच बघा.

दुसरी खूण म्हणजे उभ्या गाडीत न्यूट्रलला हळूहळू रेस द्या. तीच थरथर त्याच आरपीएमला उभ्या जागी आली, तर शाफ्ट आणि चाकं संशयातून सुटली.

तिसरी म्हणजे थरथर असलेल्या वेगाला गिअर न्यूट्रलला काढून गाडी वाहू द्यायची. इंजिन आयडलवर येतं, बाकी सगळं फिरत राहतं. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच निर्दोष. हे करताना इंजिन बंद करायचं नाही. ब्रेकची आणि पॉवर स्टीअरिंगची मदत जाते, आणि चावी चुकून मागे फिरली तर काही गाड्यांत स्टीअरिंगही लॉक होतं. उतारावर किंवा रहदारीत हा प्रयोग नको.

थरथर किती जलद आहे यावरून काही कळतं का? फोनमध्ये कंपन मोजणारी ॲप असतात म्हणे.

खूप कळतं. गणित शाळेतलंच आहे, ते एकदा करून ठेवलंत की अर्धे संशयित बाहेर पडतात.

टायरची उंची ७० सेंटिमीटर धरू. म्हणजे घेर साधारण २.२ मीटर. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटरच्या आसपास, तेव्हा चाक सेकंदाला जवळजवळ १० फेरे घेतं. डिफरन्शियलचा रेशो ४.१ असेल, तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी ४१ फेरे घेतो. टायरचा बॅलन्स गेला असेल किंवा टायर एका जागी फुगला असेल, तर हादरा चाकाच्या फेऱ्याला एकदा, म्हणजे सेकंदाला १० वेळा. हा हादरा डोळ्यांना दिसतो. आरसा हलतो, सीटची पाठ डुलते. शाफ्टचा बॅलन्स गेला असेल तर ४१ च्या आसपास, ही थरथर बुडाला झिणझिण्या आणते. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा कोनात वळणारा सांधा, बोलीत क्रॉस, चुकीच्या कोनात चालत असेल तर तो शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा धक्का देतो, म्हणजे ८२. ही थरथर राहत नाही, कानाला दाब आणणारी घूं होते.

यात एक मेख आहे. बऱ्याच जुन्या फाइव्ह स्पीड गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा. त्या गिअरमध्ये ताशी ८० ला इंजिनही सेकंदाला ४१ फेरेच घेत असतं, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे पुन्हा ८२. फोनच्या ॲपवर दोन्ही एकाच जागी दिसणार. म्हणून मोजणी तिसऱ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये घ्या, तिथे दोघांचे आकडे वेगळे होतात. फोन मांडीवर नको, सीटच्या लोखंडी रेलला किंवा केबिनच्या पत्र्याला घट्ट बांधा. आकडा तंतोतंत जुळायची गरज नाही. १० आहे, ४० आहे की ८०, एवढंच ठरवायचं आहे.

७०-८० च्या पुढे सीट थरथरते, पण स्टीअरिंग शांत आहे. शाफ्टच ना?

असेलही, पण आधी टायर. स्टीअरिंग हलतं तेव्हा दोष बहुधा पुढे असतो, सीट आणि फ्लोअर हलतो तेव्हा मागे, आणि मागे शाफ्टच्या बरोबरीने दोन टायरही आहेत. पुढची आणि मागची चाकं आपसात बदला. थरथर स्टीअरिंगमध्ये सरकली तर विषय संपला, चाक बॅलन्सिंगला न्या. बॅलन्स करूनही राहिली, तर चाक हवेत फिरवून टायरजवळ एक काडी स्थिर धरा आणि टायर वरखाली होतो का बघा. आतला बेल्ट सुटलेला टायर मशीनवर बॅलन्स दाखवतो आणि रस्त्यावर नाचतो.

टायर निर्दोष ठरले की शाफ्टखाली जा. नळीवर पोचा आहे का, वेल्ड केलेली बॅलन्सची पट्टी निघून गेल्याची चकचकीत खूण आहे का, चिखल किंवा डांबर एका बाजूला घट्ट बसलंय का, हे बघा. वाळलेल्या चिखलाचा गोळासुद्धा शाफ्टचा बॅलन्स घालवायला पुरतो. आधी धुऊन काढा, मग बोला. सगळं नीट असेल तर डिफरन्शियलकडचा फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडणारी चकती) खुणा करून सोडा आणि शाफ्ट १८० अंश फिरवून पुन्हा बसवा. थरथर कमी-जास्त झाली तर दोष शाफ्टच्या किंवा फ्लँजच्या केंद्रात आहे हे पक्कं, आणि मग शाफ्ट बॅलन्सिंगला द्यायला हरकत नाही.

क्रॉस गेलाय का हे कसं बघायचं?

गाडी सपाट जागेवर, चाकांना दोन्ही बाजूंनी ओठंगण, हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रलला, चावी खिशात. शाफ्टवर ताण राहता कामा नये. ताण असला की ढिला क्रॉसही घट्ट वाटतो.

आता जॉइंटच्या एका बाजूचा योक (क्रॉसला धरणारा दोन बोटांचा काटा) डाव्या हातात आणि दुसऱ्या बाजूचा उजव्या हातात धरा आणि एकमेकांच्या उलट पिळा. क्रॉसच्या कपात (टोकांवरच्या, आत रोलर असलेल्या टोपीत) प्ले असेल तर तो बोटांना लगेच लागतो, बारीकसा टक् होतो. डिफरन्शियलच्या दातांमधला प्ले मात्र वेगळा. तेव्हा दोन्ही योक एकत्र थोडे फिरतात आणि मग अडतात, आणि तेवढं चालतं. पिळून झाल्यावर शाफ्ट वर-खाली उचलून बघा. त्या दिशेने जॉइंटमध्ये प्ले अजिबात नको.

मग टॉर्च घ्या आणि कपाच्या तोंडाशी बघा. तिथे तांबूस, कोरडी पूड साचलेली दिसली तर आतलं ग्रीस संपलंय आणि सुईसारखे रोलर गंजून घासताहेत. हा क्रॉस आज प्ले दाखवत नसला तरी फार दिवस टिकायचा नाही. हळू वेगाला, विशेषतः रिव्हर्स घेताना येणारी चिवचिव ती हीच, आणि ती गाडीच्या वेगाबरोबर जलद होते.

शेवटी शाफ्ट उतरवला असेल तर क्रॉस चारी दिशांना हाताने वळवून बघा. मधल्या एका जागी तो खाचेत बसल्यासारखा अडत असेल तर रोलरनी कपात घर केलंय. असा जॉइंट गाडीखाली ढिला लागत नाही, पण थरथर देतो. ग्रीस निपल असेल तर चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारायचं. तीनमधून आलं आणि एकातून नाही, तर तो चौथा कपच पुढे त्रास देणार. निपल नसलेल्या क्रॉसला बाहेरून काही करता येत नाही.

नवीन क्रॉस टाकला आणि थरथर उलट वाढली. पार्ट खराब निघाला का?

बहुतेक वेळा पार्ट ठीक असतो, बसवणं चुकलेलं असतं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल किंवा स्लिप योकचा (पुढे-मागे सरकणाऱ्या योकचा), तर स्प्लाइनमधून (उभ्या दातांच्या जोडणीतून) बाहेर काढताना खूण केली नाही आणि एक-दोन दात फिरवून परत घातला, की दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. क्रॉस कोनात फिरताना शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त करतो. एका टोकाने केलेला हा हेलकावा दुसऱ्या टोकाने पुसायचा असतो, आणि योक रेषेत असले तरच तो पुसला जातो. काही गाड्यांत कंपनीच योक मुद्दाम थोडे फिरवून देते. म्हणून डोळ्याने रेष जुळवण्यापेक्षा उतरवायच्या आधी पंचने खूण करणं केव्हाही बरं.

सर्क्लिप (कप जागी धरणारी कडी) खाचेत पूर्ण बसली नाही किंवा कप ठोकताना एक रोलर आडवा पडला, तर जॉइंट एका दिशेने जड जातो. हाताने वळवून बघितल्याशिवाय शाफ्ट वर चढवूच नका.

गाडी उचलताना, ताशी १० ते ३० च्या दरम्यान, खालून जोरात हादरे येतात. नंतर सगळं शांत.

आधी क्लच वेगळा काढा. हादरे क्लच सोडता सोडताच येत असतील आणि क्लच पूर्ण सुटला की थांबत असतील, तर प्लेटवर ऑइल, तापून डाग पडलेलं फ्लायव्हील किंवा फाटलेलं इंजिन माउंटिंग बघा. क्लच पूर्ण सुटल्यावरही, रेस देऊन गाडी ओढत असताना हादरे येत असतील, तर दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये पहिला संशय सेंटर बेअरिंगवर, म्हणजे मध्ये शाफ्टला चासीशी धरणाऱ्या आधारावर. त्याचं बेअरिंग चांगलं असतं, पण भोवतीचं रबर लोंबतं. ओढ लागली की शाफ्ट मधून वर उचलला जातो आणि कोन बिघडतो. स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचलून बघा. थोडं हलणं ठीक, पण रबराला चिरा असतील किंवा बेअरिंग त्यात सैल डोलत असेल तर ते गेलं.

राहिले पाटे. ओढ लागताच हाउसिंगचं नाक वर उठतं, पाटे ते धरून ठेवतात. थकलेले पाटे, सैल यू बोल्ट किंवा संपलेले बुश असतील तर नाक जास्त उठतं आणि हादरे येतात. हळूच गाडी उचलून हादरे टळत असतील आणि जोरात रेस दिल्यावरच येत असतील, तर संशय इकडे झुकवा.

रिकामी गाडी थरथरते, माल भरला की शांत होते. हे उलटं कसं?

उलटं नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन एकमेकांना पुसून काढतील असे ठेवलेले असतात. एका तुकड्याच्या शाफ्टमध्ये दोन्ही कोन सारखे आणि उलट हवेत, फरक साधारण एक अंशाच्या आत. कोन शून्य असणंही बरं नाही, अर्धा अंश तरी लागतो, नाहीतर रोलर जागचे हलत नाहीत आणि कपात तिथेच खड्डे पाडतात. माल भरला की हाउसिंग चासीच्या जवळ येतं आणि कोन बदलतात. जास्तीचा पाटा घातला, ब्लॉक टाकून मागची बाजू उचलली, गिअरबॉक्सचं माउंटिंग बसलं, की हे सगळं गणित हलतं. उंची बदलल्यावर थरथर सुरू झाली असेल तर क्रॉस बदलत बसू नका. कोन मोजा. फोनमधलं लेव्हलचं ॲप फ्लँजवर टेकवून पुरेसा अंदाज येतो, गाडी मात्र चाकांवर उभी हवी.

रेस दिली की हुंकार येतो, सोडली की जातो. डिफरन्शियल उतरवावं लागणार का?

लागेलच असं नाही. क्राउन (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारं, शाफ्टकडचं छोटं चक्र) यांच्या दातांचा आवाज एका सुरात असतो, एखाद्या ठरावीक वेगाच्या पट्ट्यात येतो आणि रेसबरोबर बदलतो. रेस देताना दातांची एक बाजू घासते, सोडल्यावर दुसरी. त्यामुळे फक्त ओढताना येणारा किंवा फक्त सोडल्यावर येणारा सूर दातांच्या जुळणीकडे बोट दाखवतो. दात जुळवायचं काम शिम (पातळ चकत्या) आणि डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळ) असलेल्या माणसाचंच आहे, अंगणात करायचं नाही.

खरखर आणि गुरगुर निराळी. सूर न लागणारा, खडबडीत आवाज म्हणजे बेअरिंग. पिनियनचं बेअरिंग शाफ्टच्या वेगाने फिरतं, म्हणून त्याचा आवाज जलद आणि वरच्या पट्टीचा, आणि रेस सोडल्यावर तो बऱ्याचदा जास्त जाणवतो. कॅरिअरची (क्राउन ज्यावर बसतं त्या भागाची) बेअरिंग चाकाच्या वेगाने फिरतात, त्यांची गुरगुर जाड. शाफ्ट सोडून पिनियनचा फ्लँज हाताने वर-खाली, आत-बाहेर हलवा. जरा जरी प्ले लागला तरी काम लांबवायचं नाही. सैल पिनियन क्राउनचे दात खाऊन टाकतो आणि स्वस्तातलं काम महाग होतं.

सैल वाटला म्हणून पिनियनचा नट नुसता आवळायचा मोह होतो. बऱ्याच डिफरन्शियलमध्ये आत चेपली जाणारी बाही असते, ती एकदा जास्त चेपली की बेअरिंग जाम होऊन तापतात. नट आवळून आवाज बंद झालेली गाडी थोड्याच दिवसांत जास्त मोठा आवाज करत परत येते.

वर्षानुवर्षं तसाच राहिलेला, न वाढणारा बारीक हुंकार असेल, ऑइल स्वच्छ असेल आणि प्ले नसेल, तर माझं मत साफ आहे: त्याला हात लावू नका. जुळलेले जुने दात उघडून पुन्हा जुळवले की बहुधा आणखी ओरडतात.

ऑइल बदलल्याने आवाज जाईल का?

लेव्हल कमी असेल तर फरक पडेल. गेलेलं बेअरिंग मात्र ऑइलने परत येत नाही. तरीही बदलाच, कारण जुनं ऑइल निदान आहे. आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा, मग खालचा काढा. खालून रिकामं केलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. मॅग्नेटवर करड्या पेस्टचा थर असणं नेहमीचं आहे. बोटांना टोचणारे तुकडे, चकत्या किंवा सुईचे कण दिसले तर पुढचा विचार करायचा नाही, उघडायचं. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. ब्रीदर (आतला दाब सोडणारी वाट) तुंबला असेल तर आत दाब वाढून सीलमधून ऑइल गळतं, तो साफ करा.

डिफरन्शियलच्या हायपॉइड (घासत फिरणाऱ्या वळणदार) दातांना जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं, बहुतेक जुन्या गाड्यांत ८० डब्ल्यू ९०. गिअरबॉक्समध्ये मात्र तेच ओतू नका. जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांसाठी पुष्कळदा जीएल-४ सांगितलेलं असतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) असेल आणि तंग वळणावर ते कटकट करत असेल, तर त्यासाठी वेगळं फ्रिक्शन मॉडिफायर ऑइलमध्ये घालावं लागतं.

आवाज बंद करणारी जाड ॲडिटिव्ह गाडी विकणाऱ्याच्या कामाची, चालवणाऱ्याच्या नाहीत.

एकसारखी घरघर आहे. टायर की व्हील बेअरिंग?

मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगाला गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. घरघर तेव्हा वाढली तर उजवीकडचं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढली तर डावीकडचं. टायरच्या आवाजावर वळणाचा असा फरक पडत नाही, रस्त्याचा पडतो: गुळगुळीत डांबरावर तो जवळजवळ नाहीसा होतो आणि काँक्रीटवर बदलतो. टायरवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवा, एका दिशेने दातेरी लागला तर उत्तर मिळालं.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर फारसे ब्रेक न लावता गाडी फिरवून आणा आणि चारही हबचं तापमान बघा. डावं-उजवं यांत मोठी तफावत असेल तर गरम हब संशयित, पण चिकटलेला ब्रेकही हब तापवतो, तो आधी वगळा.

उभ्या गाडीत गिअरबॉक्समधून घरघर येते. क्लच दाबला की थांबते.

न्यूट्रलमध्ये क्लच सुटलेला असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडलेला ले शाफ्ट (गिअरना ताकद देणारा आतला दुसरा शाफ्ट) फिरत असतात. क्लच दाबला की थांबतात. म्हणजे त्यांचीच बेअरिंग. उलट पाय क्लचवर नुसता टेकवताच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). पेडल पूर्ण खाली आणि गिअर टाकलेला असतानाच आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग किंवा बुश बघा. तिघांपैकी कुठलंही निघालं तरी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा क्लच प्लेट आणि मागचं क्रँक सील त्याच वेळी बघून घ्या.

बाकी सगळ्या गिअरमध्ये आवाज, फक्त चौथ्यात नाही.

चौथा थेट गिअर असेल तर त्यात ताकद ले शाफ्टमधून जातच नाही. दोष ले शाफ्टचे दात किंवा बेअरिंग यांत. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरची जोडी.

गिअर टाकताना किंवा रेस देता-सोडताना मागून 'धाड' होतं.

हा साचलेला प्ले आहे: क्रॉसमध्ये थोडा, स्लिप योकच्या स्प्लाइनमध्ये थोडा, क्राउन-पिनियनमध्ये थोडा, एक्सलच्या स्प्लाइनमध्ये थोडा. प्रत्येक जागी हाताने मोजा आणि सर्वांत मोठा असेल तो आधी काढा. गाडी थांबल्यावर एक-दोन सेकंदांनी येणारा एकच धक्का बऱ्याचदा स्लिप योकचा असतो. स्प्लाइन साफ करून ग्रीस लावलं की तो जातो. इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगही बघा. ऑइलने भिजून फुगलेलं रबर वरून धडधाकट दिसतं.

ऑटोमॅटिक आहे. ६० ते ८० च्या दरम्यान हलक्या रेसवर बारीक थरथर येते.

रंबल स्ट्रिपवरून गाडी गेल्यासारखी असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या, ऑइलमधून ताकद देणाऱ्या भागाचा) लॉकअप क्लच, म्हणजे त्याला थेट जोडणारा क्लच, बघा. थरथर चालू असताना रेस न सोडता डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं स्पर्श करा, दिवा लागेल एवढंच. बऱ्याच गाड्यांत त्याने लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी गेली तर शाफ्टला दोष देऊ नका. योग्य जातीचं ट्रान्समिशन ऑइल बदलून आधी बघा.

फोर बाय फोरमध्ये वेगळं काय बघायचं?

पार्ट टाइम (हवं तेव्हाच जोडायचं) फोर बाय फोर कोरड्या डांबरावर चालवलं की वळणावर गाडी आखडते, उड्या मारते. हा दोष नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळं अंतर कापायचं असतं आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) ते करू देत नाही. टू व्हीलमध्येही आखडत असेल तर फोर सुटत नाही. पुढच्या शाफ्टचा संशय असेल तर तो दोन्ही टोकांनी सोडून बाजूला ठेवा आणि टू व्हीलमध्ये फिरवून बघा, मात्र काही ट्रान्सफर केसमध्ये शाफ्ट काढल्यावर ऑइल बाहेर येतं. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल आणि वळणावर रेस देताना टकटक येत असेल, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाजवळचा वळणारा सांधा) बघा.

जॅकवर चढवून गिअरमध्ये चालवून आवाज ऐकू का?

शक्यतो नको. करायचंच असेल तर स्टँड हाउसिंगखाली लावा, चासीखाली नाही. चासी उचलली की हाउसिंग लोंबतं, कोन बिघडतात आणि नसलेली थरथर दिसते. एकच चाक वर असेल तर ते शाफ्टच्या हिशेबाने दुप्पट वेगाने फिरतं. लिमिटेड स्लिप किंवा लॉकर असेल तर एक चाक जमिनीवर ठेवून गिअर टाकला की गाडी स्टँडवरून उडी मारू शकते. फिरत्या शाफ्टजवळ सैल बाही, ओढणी, लांब केस नेऊ नका.

सगळं तपासलं, काहीच सापडत नाही.

मग ड्राइव्हलाइन (क्लचपासून चाकापर्यंतची साखळी) सोडा. सायलेन्सरचा पाइप चासीला टेकलाय का, हीट शील्ड सैल आहे का, बेडखाली टांगलेला जादा टायर, हँडब्रेकची केबल, केबिनच्या माउंटिंगचे बुश, हे हाताने हलवून बघा. टेकलेला पाइप ओढ लागल्यावर हुबेहूब शाफ्टसारखी घूं देतो. एखादा इंजेक्टर मंद पडला असेल तर इंजिन लंगडतं आणि शाफ्ट बदनाम होतो.

कोणत्या खुणा दिसल्या तर गाडी पुढे न्यायचीच नाही?

क्रॉसच्या कपाला हाताने प्ले लागतोय किंवा सर्क्लिप गायब आहे. पुढच्या टोकाचा जॉइंट चालत्या गाडीत सुटला तर शाफ्टचं तोंड खाली पडून रस्त्यात रुततं. चाकाचे नट सैल आहेत किंवा त्यांची भोकं लांबट झालीत. हब किंवा डिफरन्शियलमधून धूर किंवा जळका वास येतोय. थरथर एका दिवसात अचानक वाढली. यांत 'गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो' असं चालत नाही, गाडी टो करा.

मेकॅनिकला नेमकं काय सांगायचं?

पार्टचं नाव सांगू नका. 'सेंटर बेअरिंग बदला' म्हटलं की बेअरिंग बदललं जातं आणि आवाज तुमचाच राहतो. पहिल्या फेरीत लिहिलेला कागद द्या, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवा. तो फेरीला आला नाही आणि गाडीखाली एक नजर टाकून यादी सांगू लागला, तर दुसरीकडे जा. काम झाल्यावर काढलेला पार्ट मागून घ्या, क्रॉस असेल तर हातात धरून वळवून बघा, आणि पैसे द्यायच्या आधी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये पुन्हा एक फेरी मारा.